माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे!

ट्रेनिंगसाठी किंवा इंटर्नशिपसाठी चिंचोळी एमआयडीसीत जाताय? मग वाटेत दिसणारा पिवळा, मुरमाड माळ तुमच्या ओळखीचा असणार. ‘इथं काहीच नाही’ म्हणत आपण पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. पण दोस्तांनो, सोलापूरच्या या माळानंच कितीतरी जीव घडवलेत.

जीन्सला चिकटणारं कुसळ घ्या. त्याचं टोक अणकुचीदार, मागे लांब शेपूट. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. पाऊस बेभरवशाचा आणि माती पातळ, तिथं हीच युक्ती कामी येते.

या गवतावर काळवीट जगतं. माळावर लपायला झाडी नाही, म्हणून डोळे बाजूला, चौफेर बघणारे. लांडगा दिसला की ताशी 80 किलोमीटरच्या आसपास धूम!

आता बार्शी रोडवरच्या नान्नजला चला. इथलं माळढोक अभयारण्य 1979चं. माळढोकाच्या पायाला मागचं बोटच नाही, त्यामुळे तो फांदीवर बसू शकत नाही. त्याला तशी गरजही नव्हती. मोकळ्या माळावर चालायचं, नाकतोडे, बिया, बोरं खायची आणि जमिनीवरच अंडं घालायचं, तेही बहुधा एकच.

पण माळानं घडवलेलं हेच शरीर आता त्याला महागात पडतंय. नजर बाजूला भरपूर, समोर मात्र कमी. त्यात वजन दहा-पंधरा किलोपर्यंत. उडताना विजेच्या तारा वेळेत दिसत नाहीत आणि दिसल्या तरी झटकन वळता येत नाही. देशात आता जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत. नान्नजला एखादा दिसला तरी त्याची बातमी होते.

मग आपण काय करायचं? एनएसएसच्या कॅम्पमध्ये माळावर खड्डे खणण्याआधी एक प्रश्न विचारा: इथं मुळात झाडं होती का? झाडं लावणं चांगलंच, पण जागा बघून. दाट झाडी झाली की गवत हटतं, आणि गवत गेलं की त्यावर वाढलेल्या जिवांना दुसरं घर नसतं. सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलं म्हणून माळ रिकामा होत नाही. उद्या बसच्या खिडकीतून जरा नीट बघा!