विश्लेषण : रोव्हरचा ठिपका मोबाइलच्या नकाशावर कितपत खरा?

जमीन मोजणीला येणाऱ्या भूकरमापकाच्या हातात आता साखळीऐवजी काठीवर बसवलेला रोव्हर आणि सोबत टॅब दिसतो. काठी पुढे सरकली की पडद्यावरचा ठिपकाही सरकतो. हा ठिपका किती खरा, हे केवळ महागड्या यंत्रावर नाही, तर त्याच्या जोडणीवर ठरते. बांधाचे वाद फूटभर जागेवरून होतात, म्हणून हे समजून घेणे गरजेचे.

मोबाइलचा जीपीएस का पुरत नाही?

मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. रस्ता शोधायला ते पुरे. हद्द दाखवायला नाही. रोव्हर उपग्रहांच्या लहरी बारकाईने मोजतो आणि ज्याचे स्थान आधीच पक्के ठाऊक आहे, अशा स्थिर केंद्राच्या मोजमापाशी ताडतो. या ‘आरटीके’ पद्धतीत चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा केंद्रांचे ‘कॉर्स’ जाळे उभारले असून त्यात महाराष्ट्रातील केंद्रेही आहेत.

जोडणी कशी होते?

केंद्राकडून येणारी दुरुस्ती इंटरनेटवरून ‘एनट्रिप’ पद्धतीने रोव्हरला मिळते. रोव्हर आपले स्थान ब्लूटूथवरून ‘एनएमईए’ या ठरावीक साच्यात टॅबला कळवतो. क्यूजीआयएस, क्यूफील्ड ही मोफत सॉफ्टवेअर हा साचा थेट वाचतात. इतर अनेक अ‍ॅपसाठी अँड्रॉइडमध्ये ‘मॉक लोकेशन’ची सोय वापरावी लागते. ती राहून गेली तर अ‍ॅप फोनचाच जीपीएस वापरते. ठिपका दिसतो, पण काही मीटरच्या चुकीसह.

‘फिक्स’ आणि ‘फ्लोट’ म्हणजे काय?

एनएमईए संदेशात दर्जाचा आकडा असतो. 4 म्हणजे ‘फिक्स’, म्हणजे सेंटिमीटरची अचूकता. 5 म्हणजे ‘फ्लोट’. यात चूक फुटांवर जाऊ शकते. दाट झाडाखाली, उंच भिंतीलगत किंवा रेंज गेल्यावर फिक्स सुटतो. तेव्हा थांबावे, नोंद घेऊ नये.

फिक्स असूनही ठिपका शेजारच्या शेतात का?

बहुधा नकाशाची निर्देशांक पद्धत चुकलेली असते. पुणे यूटीएमच्या 43व्या पट्ट्यात, तर नागपूर 44व्या पट्ट्यात येते. जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ मापनावर, तर जीपीएस ‘डब्ल्यूजीएस 84’वर चालते. पार्श्वभूमीचे उपग्रह छायाचित्रही काही मीटर सरकलेले असू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ज्ञात बिंदूवर काठी धरून पडताळणी करावी. उंची हवी असेल, तर काठीची लांबीही अचूक भरावी.

यावरून हद्द कायम होते का?

नाही. रोव्हर फक्त आपण कुठे उभे आहोत हे सांगतो. हद्द कुठे आहे, हे अभिलेखावरून ठरते. त्यासाठी उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून अधिकृत मोजणीच करून घ्यावी लागते. मोजणीच्या दिवशी शेतकऱ्याने एवढे जरूर विचारावे : पडद्यावर ‘फिक्स’ आहे ना?