रूळ दुहेरी झाले, बदल झाला का?

मुदखेड जंक्शनच्या बाहेर गाडी थांबली की डब्यात कोणीतरी म्हणतंच, "नवं काही काढलं की ह्यांचा असाच घोळ बघा." परभणी ते मुदखेड हा सुमारे ८१ किलोमीटरचा एकेरी मार्ग दुहेरी होत असताना हे वाक्य फार ऐकू आलं. तो घोळ नव्हता.

नवी लाइन स्थानकाला जोडताना तिथलं इंटरलॉकिंग काही काळ सोडवून ठेवावं लागतं. सांधा चुकीचा लागला असेल तर सिग्नल पडूच न देणारी ही व्यवस्था. ती बंद असते तेव्हा पॉइंट्समन हाताने सांधा फिरवतो, वाकून रुळाची पात नीट चिकटली का ते पाहतो, क्लॅम्प आवळतो, कुलूप घालतो. त्यानंतरच स्टेशन मास्तर गाडी घेतात. म्हणून गाड्या रद्द होतात, रखडतात. ही सुरक्षिततेची किंमत आहे आणि ती मोजायलाच हवी.

बदल वरच्या आदेशाने होतो, हाही गैरसमज. रेल्वेच्या हैदराबाद विभागातून नांदेड विभाग वेगळा झाला तो १ एप्रिल २००३ रोजी. विभागाची हद्द अशी एका तारखेला बदलते. हाताची सवय बदलत नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे यंत्र आलं की चूक संपली. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बाहानगा बाजारला रेल्वे अपघातात २९० हून अधिक माणसं गेली. तिथं इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होतं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या फेरफारातल्या आणि फाटकाच्या कामातल्या त्रुटी पुढे आल्या. म्हणजे बदल करण्याची रीतच चुकली होती. अशा वेळी एखाद्याला निलंबित करून प्रश्न सुटत नाही. पहिला हात चुकला, तर पुढच्या तपासणीत ते का सापडलं नाही, हे विचारावं लागतं. हे विचारणारा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो; त्याचं खातं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे, ते याचसाठी.

स्थानकावर एक अ‍ॅश्युरन्स रजिस्टर असतं. कामाचे नियम समजले, अशी सही प्रत्येक कर्मचारी त्यात करतो. तुमच्या बँकेत, साखर कारखान्यात, पंचायत समितीत नवी पद्धत येईल तेव्हा अशी सही जरूर घ्या. पण त्याआधी, शेवटच्या टेबलावरच्या माणसाला ते काम एकदा तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.