फाईलचा कब्जेदार

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून फुटून निघालेल्या पालघर जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावी उभे राहिल्यापासून आठही तालुक्यांतील अर्जदारांना, मग तो वसईचा बागायतदार असो की मोखाड्याचा वारली शेतकरी, केव्हा ना केव्हा पालघर-बोईसर रस्त्याची वाट धरावीच लागते. आणि जेथे अर्जदार तेथे झेरॉक्सचे दुकान, हा आपल्या मुलखाचा अलिखित कायदाच आहे. अशाच एका दुकानात माझ्या कागदांची पाळी येण्याची प्रतीक्षा करीत बसलो असता जव्हारकडचे एक वृद्ध गृहस्थ, आधार कार्ड आणि सातबारा स्कॅन करून अर्ज रीतसर दाखल झाल्यावरही, खुर्ची सोडीनात. "नातीनं बजावलंय, काम झालं की कागद काँप्युटरातून पुसून घ्यायचा," एवढेच त्यांचे म्हणणे. दुकानातल्या पोराने डिलीटची कळ दाबली. पडद्यावर चौकट उमटली की फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असल्यामुळे हे काम होऊ शकत नाही. त्याने पुन्हा दाबली, तिसऱ्यांदा दाबली, आणि मग म्हणाला, "हट्टी आहे, बाबा. राहू द्या, उद्या काढतो." बाबा हलले नाहीत.

हट्टी हे विशेषण मात्र मला अन्यायाचे वाटले. फाईलला स्वभाव नसतो. तिला कब्जेदार असतो. ज्याने सातबाऱ्याचा उतारा एकदा तरी बारकाईने वाचला आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही, कारण जमीन कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्ष वहिवाट कोणाची आहे या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतात असे नाही, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम फाईल उघडतो तेव्हा त्या ताब्याची नोंद होते. तिला 'हँडल' म्हणतात. उघडतानाच तो प्रोग्रॅम हेही सांगून ठेवतो की माझा ताबा असेपर्यंत इतरांनी ही फाईल वाचावी की नाही, तीत लिहावे की नाही, ती काढून टाकावी की नाही. आणि या शेवटच्या गोष्टीस त्याची संमती नसेल तर, मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी, यंत्रणा त्याची मागणी फेटाळते. लिनक्सची रीत याहून वेगळी आहे. तेथे दप्तरातून नाव तत्काळ कमी होते, पण आत बसलेल्या कुळाला कोणी उठवीत नाही. शेवटचा ताबेदार आपण होऊन निघाला म्हणजेच ती जागा खरोखर मोकळी होते. दोहोंत मला विंडोजचा आडमुठेपणा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो निदान हरकत तोंडावर सांगतो.

तेव्हा पहिले काम पुसण्याचे नसून पंचनाम्याचे. विंडोजमधील 'रिसोर्स मॉनिटर' उघडून, सीपीयूच्या पानावर 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत फाईलचे नाव लिहिले की ती धरून बसलेल्या प्रोग्रॅमचे नाव समोर येते. मार्क रुसिनोविच यांचा 'प्रोसेस एक्स्प्लोरर' हेच काम अधिक बारकाईने करतो. तो ज्या सिसइंटर्नल्स संचातील आहे तो 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे घेतला. कब्जेदार सापडला की तो प्रोग्रॅम रीतसर बंद करावा. तो बंदही होत नसेल तर संगणक पुन्हा सुरू करावा, कारण त्यामुळे बहुतेक ताबे आपोआप खारीज होतात. हँडल बळजबरीने तोडणारी साधने मिळतात खरी, पण अर्धवट लिहून झालेला मजकूर त्यात बिघडू शकतो, म्हणून तो उपाय अगदी शेवटचा.

नकार मालकीवरून आला असेल तर मात्र घाई करू नये. विंडोजच्या स्वतःच्या पुष्कळशा फाईली 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' नावाच्या खात्याच्या मालकीच्या असतात आणि ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहजासहजी पुसता येत नाहीत. सरकारी अभिलेख कक्षात 'अ' वर्गाचे कागद कायमचे आणि 'ब' वर्गाचे 30 वर्षे राखावे लागतात. जागा अडली म्हणून कोणी कारकून ते रद्दीत घालीत नाही. त्यातलाच हा प्रकार.

कधीकधी नावच आडवे येते. सी, ओ, एन ही तीन अक्षरे विंडोजमध्ये फाईलला नाव म्हणून चालत नाहीत, कारण 1981 च्या डॉसपासून ती कळफलक व पडद्यासाठी राखून ठेवलेली आहेत. शिवाय ड्राइव्ह आणि फोल्डर धरून संपूर्ण पत्ता 260 अक्षरांत बसावा, असा जुना दंडक अनेक प्रोग्रॅम अजून पाळतात. आणि येथे मराठी माणसाची पंचाईत होते, कारण यंत्र काना, वेलांटी आणि हलन्त हे सारे स्वतंत्र मोजते. 'जिल्हाधिकारी' या शब्दात आपल्या डोळ्याला पाच अक्षरे दिसतात, यंत्राला बारा. अशा वेळी वरच्या फोल्डरांची नावे आखूड केली की अडलेली फाईल निमूटपणे जाते.

दुकानातला कब्जेदार तर अगदी घरचाच निघाला. स्कॅन पाहण्यासाठी पोराने उजव्या बाजूची प्रीव्ह्यूची खिडकी उघडी ठेवली होती आणि तीच त्या पीडीएफला धरून बसली होती. ती मिटवून त्याने दुसरी एक फाईल निवडली, मग परत येऊन कळ दाबली, आणि चौकट उमटली नाही. बाबांनी पिशवी उचलली. पण फाईल अजून रिसायकल बिनमध्ये जशीच्या तशी होती, हे मला त्या दोघांनाही सांगावे लागले.

म्हणून कोळगावी किंवा आणखी कोठेही, दुसऱ्याच्या संगणकावर आपले कागद चढवणाऱ्या वाचकांना विनंती की फाईल पुसली गेली आणि मागोमाग रिसायकल बिनही रिकामे झाले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज खुर्ची सोडू नये.