लेसर, समस्वरणीय अर्धसंवाहक

प्रकाशाची तरंगलांबी विद्युत् प्रवाहाने किंवा उष्णतेने हवी तशी बदलता येईल असा अर्धसंवाहक लेसर. त्याचे सर्व भाग एकाच स्फटिकचकतीवर घडविलेले असल्यास त्यास एकात्मित लेसर म्हणतात. लांब पल्ल्याच्या तंतुसंदेशवहनात त्याचा मुख्यतः उपयोग होतो.

स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशीय तंतुप्रणाली १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढे एकाच तंतूतून अनेक तरंगलांब्यांचे प्रकाश एकदम पाठविण्याची पद्धत रूढ झाली. मुंबईस किनाऱ्याला लागणारी, मार्से ते सिंगापूर अशी २००५ मध्ये पूर्ण झालेली सी-मी-वी ४ ही सागरी केबल मूळ आराखड्यानुसार तंतूंच्या प्रत्येक जोडीतून ६४ तरंगलांब्या वाहून नेणारी होती. ठराविक तरंगलांबीचे लेसर वापरल्यास अशा मार्गाला ६४ प्रकारचे लेसर लागतात आणि प्रत्येकाचा एक सुटा नगही हाताशी ठेवावा लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या विस्तीर्ण वनप्रदेशात प्रत्येक केंद्रावर एवढा साठा ठेवणे खर्चाचे ठरते. समस्वरणीय लेसरचा एकच नग यांपैकी कोणाचीही जागा घेऊ शकतो.

तंतूतील क्षीणन १,५५० नॅनोमी.च्या आसपास सर्वांत कमी, म्हणजे दर किमी.ला सुमारे ०·२ डेसिबेल असते. एर्बियमयुक्त विवर्धकही १,५३० ते १,५६५ नॅनोमी. या पट्ट्यात उत्तम चालतात. लेसरने हा सुमारे ३५ नॅनोमी.चा पट्टा व्यापला पाहिजे. पण तापमान १° से.ने वाढविल्यास तरंगलांबी जेमतेम ०·१ नॅनोमी. सरकते. प्रवाह सोडून इंडियम फॉस्फाइडवर आधारित द्रव्याचा प्रणमनांक फार तर एखाद्या टक्क्याने घटविता येतो व तेवढ्याने पट्ट्याचा निम्मा भागही व्यापला जात नाही.

ही अडचण व्हर्नियरच्या तत्त्वाने सुटली. लॅरी कोल्ड्रेन व त्यांचे सहकारी यांनी सँता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित केलेल्या रचनेत प्रकाशवर्धक भागाच्या दोन्ही बाजूंस खंडित जालकांचे आरसे असतात. असा आरसा समान अंतरावरील अनेक तरंगलांब्या परावर्तित करतो. मात्र हे अंतर दोन आरशांत किंचित भिन्न ठेवतात. व्हर्नियरच्या दोन पट्ट्यांवरील एकच रेघ जुळावी, त्याप्रमाणे दोन्ही आरशांचे एकच शिखर जुळते व त्याच तरंगलांबीस लेसर क्रिया होते. एका आरशातील प्रवाह थोडा बदलला की जुळणी शेजारच्या शिखराकडे जाते. लहान बदलातून मोठी उडी साधते ती अशी. त्याच चकतीवर विवर्धक आणि प्रकाशावर संदेश चढविणारा विरूपकही घडविता येतो. सुटे भाग मायक्रोमीटरच्या अचूकतेने समोरासमोर बसविण्याचे किचकट काम त्यामुळे टळते.

उडी घेताना लेसर मधल्या तरंगलांब्यांवर चमकला, तर त्यांवरील दुसऱ्यांचे संदेश बिघडतात; म्हणून बदल पूर्ण होईपर्यंत विवर्धक बंद ठेवतात. कोणत्या तरंगलांबीस किती प्रवाह, याचे कोष्टक प्रत्येक चकतीसाठी कारखान्यातच तयार करतात, पण चकती जुनी होताना हे आकडे ढळतात. त्यासाठी बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा अल्पांश संदर्भ-गाळणीतून सतत तपासावा लागतो. प्रकाशाच्या कलेवरही संदेश चढविणाऱ्या प्रणालींत लेसरची वर्णरेषा अतिशय अरुंद हवी. प्रवाहाने समस्वरण केल्यास विद्युत् भारांच्या चढउतारामुळे ती रुंदावते, म्हणून तेथे आरशांवर सूक्ष्म तापक बसविणे श्रेयस्कर ठरते. बदल मात्र सावकाश होतो.