गव्हाचे वावडे : लक्षणे व आपले कर्तव्य

गहू हे आपल्या दुकानातील व घरातील नित्याचे धान्य. तेच एखाद्याच्या शरीरास सोसत नाही असे कोणी सांगितले, तर पुष्कळ लोक तो खाण्यातील लहरीपणा समजून हसण्यावारी नेतात. परंतु हे वावडे, म्हणजेच अॅलर्जी, खरी असते आणि क्वचित् प्राणावरही बेतते. म्हणून कामरेज व सुरत परिसरातील आमच्या धान्य, किराणा व मिठाईच्या व्यापारी बांधवांपुढे तिची लक्षणे आम्ही थोडक्यात मांडीत आहो.

शरीराची संरक्षक शक्ती गव्हातील प्रथिनांस चुकीने शत्रू समजते, हे या विकाराचे मूळ होय. गव्हाचा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, बहुधा दोन तासांच्या आत, अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, तोंडास खाज सुटते, नाक वाहते, पोटात कळ येते किंवा उलटी होते. काहींना तर पोळी खाऊन लागलीच अंगमेहनत केली तरच त्रास होतो. तेव्हा जेवणानंतर पोती उचलताना हमालास गांधी उठल्या, तर केवळ उन्हास दोष देऊ नये.

घसा आवळणे, श्वासास घरघर लागणे, घेरी येऊन शुद्ध हरपणे ही भयसूचक चिन्हे होत. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यास आडवे निजवावे. श्वास लागत असल्यास बसू द्यावे. अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच यावरील पहिला उपाय आहे.

पीठ पोटात न जाताही अपाय करते. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी इ. स. १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धान्य चाळणारे व पाव भाजणारे यांच्या खोकल्याचे व श्वासविकारांचे वर्णन केले आहे. गिरणीत शिंका, खोकला व दमा, आणि सुटीच्या दिवशी आराम, असा क्रम दिसल्यास पिठाच्या धुळीचा संशय घ्यावा.

सिलिॲक हा आतड्याचा विकार याहून निराळा. त्यात जुलाब, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही लक्षणे सावकाश प्रकटतात. मात्र त्याची तपासणी होण्यापूर्वीच गहू सोडल्यास रक्ताच्या परीक्षेत रोग लपून राहतो. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गहू अनेक रूपांनी वावरतो. घारी व नानखटाईत मैदा असतो. रवा, शेवया व लापशी गव्हाचीच. बांधानी हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि गव्हामागून त्याच चक्कीवर दळलेल्या ज्वारीत गव्हाचा अंश उतरतो. बंद पाकिटावर गव्हाचा उल्लेख करणे २०२० च्या अन्न-लेबल नियमांनी आवश्यक ठरविले आहे. परंतु सुट्या मालाच्या बाबतीत गिऱ्हाईकास विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. “यात गहू आहे काय?” असे कोणी विचारील, तेव्हा खात्रीने माहीत असेल तेच सांगावे, नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. त्यात एखादी विक्री गेली तरी पेढीचा लौकिक राहतो व कदाचित् कोणाचा जीव वाचतो.