कापडावर उतरलेला खंड्या

आपल्याकडील उशांचे अभ्रे आणि टेबलावरचे रुमाल पाहिले, तर त्यांवर तीन पक्षी हटकून सापडतात : मोर, पोपट आणि राजहंस. यांपैकी राजहंस ज्या हातांनी भरला, त्यांच्या धन्याने तो प्रत्यक्ष पाहिलेला असतोच असे नाही. उलट, दारच्या आंब्यावर सकाळी शीळ घालणारा दयाळ, कुंपणातून तांबूस पंख झळकावीत चालणारा भारद्वाज आणि दमणगंगेच्या काठी तारेवर बसून टेहळणी करणारा खंड्या यांना मात्र आपल्या भरतकामात जागा नाही. जुन्या कापडाचे तुकडे आणि घरचे शिवणयंत्र एवढ्या सामग्रीवर ती कशी देता येईल, याविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे.

कापडावर कापड ठेवून शिवणे ही विद्या आपणांस नवी नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने जखडले की गोधडी होते. कोठे तिला वाकळ म्हणतात. कर्नाटकातील हल्याळ व यल्लापूर भागांतील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ ही तिचीच बहीण. सौराष्ट्रात रंगीत तुकडे कापून दुसऱ्या कापडावर शिवण्याच्या कामास ‘कताब’ म्हणतात, आणि ओडिशातील पिपिली येथील कारागीर याच रीतीने चांदवे सजवितात. त्यांवर मोर-पोपटही असतात. तात्पर्य, आपणांस नवी कला शिकावयाची नसून घरातल्याच कलेला नवा विषय द्यावयाचा आहे.

आता सामग्री. आमली आणि सिल्वासाच्या परिसरात धाग्याचे व कापडाचे कारखाने आहेत आणि शिंप्याच्या दुकानात चिंध्यांना तोटा नसतो. तथापि सर्व चिंध्या सारख्या नव्हेत. सुती कापड घडी धरते व सुईखाली स्थिर राहते. पॉलिएस्टर निसरडे असते, आणि फार तापलेल्या इस्त्रीखाली ते वितळते. ओळखण्याची खूण सोपी आहे. तुकड्यातील एक दोरा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. सुती दोरा कागदाप्रमाणे जळून त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा दोरा वितळून त्याच्या टोकाशी कठीण मणी तयार होतो. पाया नेहमी जुन्या सुती साडीचा दुहेरी घ्यावा व त्याखाली शिंपी कॉलरला घालतात ते बकरम लावावे, म्हणजे चुण्या पडत नाहीत. चकचकीत पॉलिएस्टर पंखांच्या झळाळीपुरते राखून ठेवावे.

पक्षी हा विषय थरांच्या कामास इतका अनुकूल का, हे समजण्यासाठी कौलारू छपराकडे पाहावे. कौले घालणारा माणूस वळचणीपासून आरंभ करतो आणि आढ्याकडे चढत जातो. वरचे कौल खालच्यावर किंचित चढते, म्हणून पाणी आत न शिरता ओघळून जाते. पक्ष्याच्या अंगावरील पिसांची मांडणी हीच आहे. प्रत्येक पिसाचे टोक शेपटीकडे वळलेले आणि बूड पुढच्या पिसाखाली झाकलेले असते. त्यामुळे वारा व पाऊस अंगावरून निसटून जातात. यावरून आपल्या कामाचा मुख्य नियम निघतो : आरंभ शेपटीपासून करावा आणि शेवट डोक्याशी. जो डोक्यापासून आरंभ करील, त्याच्या पक्ष्याची पिसे उलटी उभी राहिल्यासारखी दिसतील.

उदाहरणादाखल आपला नेहमीचा खंड्या घेऊ. त्याचे डोके व पोट तपकिरी, गळा व छाती पांढरी, पाठ, पंख व शेपटी निळी, आणि चोच व पाय लाल. प्रथम कागदावर पूर्ण आकाराचे चित्र काढावे आणि प्रत्येक रंगाचा भाग निराळा कापून त्याबरहुकूम कापड कापावे. मग शेपटी, पाठ, पोट, छाती, पंख, डोके आणि सर्वांत शेवटी चोच या क्रमाने तुकडे मांडावेत. वरचा तुकडा खालच्यावर निदान पाव इंच चढला पाहिजे. सारे तुकडे कच्च्या धावदोऱ्याने टाचून घ्यावेत. तो दोरा शेवटी काढून टाकावयाचा असतो.

यानंतर यंत्राचे काम. नित्याच्या शिवणीत सुईखालचे दाते कापड पुढे सरकवितात, म्हणून टाका सरळ पडतो. आपणांस तो हवा तसा वळवावयाचा आहे. तेव्हा दाते खाली घ्यावेत, अथवा पट्टी लावून झाकावेत, आणि दाबपाय काढून ठेवावा. पाय काढला तरी त्याची दांडी मात्र खाली पाडलीच पाहिजे, नाहीतर वरच्या दोऱ्यास ताण न मिळून खाली गुंता होतो. कापड लाकडी रिंगेत ताणून बसवावे. हाताच्या भरतकामात कापड रिंगेच्या वरच्या अंगास असते, येथे ते खालच्या अंगास येऊन यंत्राच्या पाटावर सपाट टेकले पाहिजे. बॉबिनचा दोरा आधी वर काढून घ्यावा. बोटे सुईपासून दूर, रिंगेच्या कडेवर असावीत. पायाची गती एकसारखी आणि हाताची संथ, हे जमले म्हणजे सुई पेन्सिलीसारखी चालू लागते. फरक इतकाच की येथे पेन्सिल जागच्या जागी असते आणि कागद फिरतो.

टाके पिसांच्या दिशेने घालावेत. पंखाच्या प्रत्येक मोठ्या पिसाचा मधला दांडा आधी एका रेषेने काढावा व त्याच्या दोन्ही अंगांस टोकाकडे झुकणारे तिरपे टाके द्यावेत. डोक्यावर टाके आखूड व दाट, पंखांवर लांब.

निळ्या रंगाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. खंड्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाशातील निळा भाग तेवढा परत फिरतो आणि आपणांस निळाई दिसते. म्हणून एकाच निळ्या कापडाचा पंख निर्जीव वाटतो. दोन-तीन निळ्या छटांचे थर आणि वर झळाळीचा दोरा योजावा. टाक्याची दिशा थोडी बदलली की तोच दोरा निराळी छटा दाखवितो. शेवटी काळ्या डोळ्यात पांढऱ्या दोऱ्याचा एकच ठिपका द्यावा. पक्षी तत्क्षणी पाहू लागतो.

कोणी विचारील, इतका खटाटोप कशासाठी? छापील नमुना उतरविला तर दुपारभरात काम होते. होय, पण त्या कामात पाहणे नाही. गिधाडांची गोष्ट आठवावी. गावोगावी दिसणारे पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९० नंतरच्या दीड दशकात शेकडा ९९ हून अधिक घटले. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध त्याचे कारण ठरले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तोवर आकाश रिकामे झाल्याचे किती जणांच्या ध्यानी आले होते? ज्याच्याकडे आपण कधी निरखून पाहिले नाही, ते नाहीसे झाल्याचेही आपणांस कळत नाही. ज्या मुलीने खंड्याच्या छातीचा पांढरा भाग कोठे संपतो हे कात्री हाती घेऊन ठरविले आहे, तिला मात्र तारेवरची त्याची जागा रिकामी दिसली तर त्याच दिवशी चुकल्यासारखे होईल.

म्हणून श्रोतेहो, येत्या सुट्टीत जुनी सुती साडी बोहारणीला देण्यापूर्वी खिडकीबाहेर एकवार पाहा. जो पक्षी प्रथम दिसेल, तो आपला पहिला नमुना समजा.