आवाज पंपाचा की पट्ट्याचा?

बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूरला जाणारा रस्ता गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. त्यांना ओलांडायचं, साइडपट्टीवर उतरायचं, पुन्हा वर यायचं. स्टेअरिंगला विश्रांती नाही. एमएच ४२ ची एखादी जुनी बोलेरो मग गॅरेजात येते आणि मालक सांगतो, "वळवताना आवाज येतोय."

चांगला मेस्त्री एवढ्यावर पाना उचलत नाही. "कसला येतोय? कधी येतोय?" हे आधी विचारतो. निदानाचं अर्धं काम या दोन प्रश्नांत होतं.

जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टेअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो ऑइलच्या डबीतलं ऑइल ओढून रॅककडे किंवा स्टेअरिंग बॉक्सकडे दाबाने पाठवतो. फुल लॉकला (स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवल्यावर) हा दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने अशी यंत्रणा १९२० च्या दशकातच गाडीत बसवून दाखवली होती. ती बाजारातल्या मोटारीत आली १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये. याच क्रायस्लरशी करार करून इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पुढे घरोघरी पोचलेली प्रीमियर पद्मिनी मात्र चालवणाऱ्याच्या दंडाच्या जोरावरच वळली.

सकाळी गाडी चालू करताच किंवा स्टेअरिंग पूर्ण फिरवताच कर्कश किंचाळी आली, तर संशय पट्ट्यावर. चालू इंजिनात पट्ट्याच्या आतल्या बाजूला थोडं पाणी शिंपडायचं, हात लांब ठेवून. आवाज क्षणभर बदलला किंवा थांबला, तर दोष पट्टा, त्याचा ताण किंवा पुली यांच्यात आहे.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा 'घूंऽऽ' असा आवाज आला, तर डबीचं झाकण उघडायचं. पातळी खाली असेल किंवा ऑइलवर फेस असेल, तर पंप हवा ओढतोय. ते बुडबुडे दाबाखाली फुटतात आणि पंप ओरडतो. इथे बरेच जण चुकतात. खाली थेंब दिसत नाही म्हणून गळती नाही असं ठरवतात. पण डबीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत दाब नसतो, ओढ असते. तिची क्लिप सैल झाली की ऑइल बाहेर न येताही हवा आत शिरते. डबीतली जाळी गाळाने तुंबली तरी आवाज तोच. आणि गळालेलं ऑइल रॅकच्या रबरी बुटात साचून राहतं, म्हणून बूट दाबून पाहायलाच हवेत.

क्लिप बदलून, ऑइल भरूनही यंत्रणेतली हवा काढावी लागते. पुढची चाकं उचलायची, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, पातळी पाहत राहायचं. यानंतरही आवाज राहिला, तरच पंपाकडे वळावं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाला लावली की आतली बेअरिंग कळते. पट्टा उतरवून इंजिन चालू करणं आणि आवाज जातो का पाहणं ही आणखी खात्रीची परीक्षा. पण काही गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो, त्यामुळे काही सेकंदच.

खड्ड्यातून जाताना येणारी 'खट' मात्र ऑइलची नव्हे. ती टाय रॉड, बॉल जॉइंट किंवा स्टेअरिंग कॉलमच्या सांध्याची. फुल लॉकला येणारी हलकी 'स्स्स' दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची असते आणि तो दोष नाही. स्टेअरिंग तिथे धरून ठेवू नये, एवढंच.

अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ऑइलच नाही, मोटर आहे. १९८८ च्या सुझुकी सर्व्होपासून ही पद्धत मोटारीत आली. तिथे डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला तर स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो.

तुमची गाडी ऑइलवाली असेल आणि दर महिन्याला डबी भरावी लागत असेल, तर पुस्तिकेत दिलेलंच ऑइल वापरा आणि नवा पंप घेण्याआधी मेस्त्रीकडून ऑइल कुठे जातंय ते शोधून घ्या. पंपापेक्षा क्लिप फार स्वस्त असते.